फ्यूजच्या जागी

फोन उचलला तेव्हा फटकळमामा हसत होता. ठेवला तेव्हा ते हसू पार गेलं होतं. हातातला स्क्रू सुटून समोर उघडून ठेवलेल्या रेडिओच्या पोटात पडला, तरी त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. चार वाक्यांच्या फोनने धट्टाकट्टा माणूस असा मटकन का बसला, ते कळायला आधी त्याची जीभ कळावी लागेल. सगळी गोम तिथंच होती.

मामा हे नातं नेमकं कुणाचं, ते कुणालाच माहीत नव्हतं. फटकळ मात्र सगळ्यांनी मिळून लावलेलं. जुने रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, काचेच्या, दिव्यासारख्या उजळणाऱ्या व्हॉल्व्हचे अँप्लिफायर दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दुकान एवढंसं, पुढे बायकोचं काउंटर, मागे त्याचं टेबल, आणि टेबलावर कायम कुठलं तरी मशीन पालथं पडलेलं. बिघाड तो मुकाट्याने काढायचा, पण मशीन परत देताना गिऱ्हाइकाची हजेरी घेतल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. कुणी वायर चुकीची जोडलेली, कुणी व्हॉल्व्हवर फुलदाणी ठेवलेली. बायको म्हणायची, अहो, लोक मशीन घेऊन येतात, अक्कल घेऊन नाही येत, ती कशाला दुरुस्त करता? पण सांगून ऐकेल तर तो मामा कसला.

दर रविवारी सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत चार टाळकी जमायची. सगळे कानाचे शौकीन. चहा प्यायचा, काहीतरी लावायचं आणि त्यावर भांडायचं, एवढाच कार्यक्रम. अलीकडे भांडण पेटलं होतं ते महागड्या फ्यूजवरून. फ्यूज म्हणजे बोटाच्या पेराएवढी नळी, आत केसासारखी तार. मशीनमध्ये काही बिघडून वीज जास्त ओढली गेली, की ती तार आधी वितळते आणि मशीन बंद पडतं. एवढंच तिचं काम. पण आता सोन्याचा मुलामा दिलेले, पांढऱ्या चिनीमातीच्या नळीतले, वर बाण काढलेले फ्यूज आले होते. ते घातले की आवाज सुधारतो, आणि बाण उलटा बसला तर बिघडतो, असं विकणारे सांगत आणि घेणारे त्यांच्याही वरताण सांगत.

मामा यावर पोट धरून हसायचा. अरे, घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढं-मागं करते, तो बाण रस्ता दाखवतोय तरी कुणाला, असं विचारायचा. फ्यूज ऐकू येत नाही, फ्यूजच्या जागी खिळा ठोकला तरी तुम्ही माना डोलवाल, असंही म्हणायचा. मंडळी चिडायची. त्यांच्यातले एकटे दाताचे डॉक्टर चिडत नसत. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. ते म्हणायचे, मामा, तुमचं शास्त्र बरोबर असेल, पण मला फरक वाटतो, त्याला मी काय करू? या शांतपणानेच मामाच्या अंगाची आग व्हायची. भांडणाऱ्याला हरवता येतं, हसून चहा पिणाऱ्याला काय हरवणार?

आणि एक दिवस तेच डॉक्टर आपला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणि एक मखमली डबी घेऊन दुकानात आले. डबीत बाणवाला फ्यूज. एवढा बसवून द्या, स्वतः उघडायची मला भीती वाटते, म्हणाले. मामाने डबी घेतली आणि त्या क्षणी त्याच्या डोक्यात किडा वळवळला. डॉक्टरांची पाठ वळल्यावर त्याने तांब्याच्या सळईचा तुकडा कापला, कानसेने घासून अगदी फ्यूजच्या मापाचा केला आणि फ्यूजच्या खोबणीत बसवून वरून झाकण लावलं. खरा फ्यूज डबीसकट टेबलाच्या खणात. रविवारी डॉक्टर चारचौघांत तारीफ करतील, मग सगळ्यांच्या देखत झाकण उघडायचं आणि तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवायचा. आता कळेल, कोण काय ऐकतं ते. बायकोने विचारलं, एकटेच काय हसताय? तो म्हणाला, रविवारी बघ.

भीती त्याला तेव्हाही शिवून गेली होती, नाही असं नाही. तपासताना एका बाजूचा एक व्हॉल्व्ह थकलेला दिसला होता. तो जाईल त्या दिवशी जास्तीची वीज ओढेल, आणि मधे फ्यूज नसेल तर ती वीज ट्रान्सफॉर्मर तापवत राहील, हे मामाला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण व्हॉल्व्ह अजून काही महिने निघेल असा त्याचा अंदाज होता. शिवाय डॉक्टर संध्याकाळी तासभर ऐकतात, तेही मशीनसमोर बसून. जरा वास आला तर बटण बंद करतील. चार दिवसांचा तर प्रश्न. अशी त्याने स्वतःची समजूत घातली, आणि माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की ती पटकन पटते.

रविवारी डॉक्टर आलेच नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत. बाकीचे म्हणाले, घरी काहीतरी आजारपण आहे. मामा हिरमुसला. आपली गंमत शिळी होतेय याचंच त्याला वाईट वाटलं, आणि फोन करून खरं सांगावं हे मनात येऊनही त्याने ते उद्यावर ढकललं. उद्या, परवा करत आज उजाडला.

आज सकाळी डॉक्टरांचाच फोन आला. म्हणाले, मामा, त्या फ्यूजने कमाल केली, गळ्यातला कफ सुटल्यासारखा आवाज मोकळा झालाय. मामाला हसू आवरेना. मग डॉक्टर म्हणाले, "आईसाठीच घेतला होता हो. तिचं अर्धं अंग गेलं, वाचाही गेली. गाणं तेवढं ऐकते. हल्ली सकाळची बाई सोडून गेलीय, म्हणून गाणी लावून, बाहेरून कुलूप घालून दवाखान्यात येतो. दुपारची बाई येईपर्यंत मशीनच तिची सोबत." कुणीतरी पेशंट आला असावा. बरं, ठेवतो, तुमचे आभार मानायचे होते, म्हणाले आणि फोन बंद झाला.

आणि मामा, ज्याचं तोंड उभ्या आयुष्यात कधी बंद राहिलं नाही तो मामा, तेवढ्यात एक शब्द बोलला नाही. तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं होतं, बटण बंद करा, आत्ता जा. पण आधी दुसरं सांगावं लागलं असतं, आणि ते घशात अडकलं.

भानावर येऊन त्याने लगेच उलटा फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा लावला. पेशंटच्या तोंडात हात असताना डॉक्टर फोन खणात टाकतात, हे त्याला माहीत होतं. बायकोची दाढ त्यांनीच काढली होती. दवाखाना ठाऊक होता तो तेवढ्यामुळे. घर मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं. मशीन नेहमी दुकानात यायचं.

बायको काउंटरवरून उठून आत आली. त्याचा चेहरा पाहून तिनं काय झालं विचारलं आणि त्याने सांगितलं, तुटक तुटक, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. ती आता आपल्याला फाडून खाईल, अशी त्याची खात्री होती. खाल्लं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त स्कूटरची किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, मी इथून फोन लावत राहते, तुम्ही निघा. तिचा आवाज कापत होता. तिला कधी घाबरलेली त्याने पाहिलीच नव्हती.

निघताना त्याने खणातली मखमली डबी खिशात घातली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

रस्ताभर त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र. आजवर जळालेली कितीतरी मशीन त्याच्या टेबलावर आली होती. ट्रान्सफॉर्मरमधलं मेण वितळून ओघळलेलं, डांबरासारखं काळं झालेलं, खालचं लाकूड करपलेलं. तो वास दिवसभर बोटांना राहायचा. तसली मशीन घेऊन येणाऱ्यांना तो झापायचा, घराला आग लागली असती म्हणजे? घराच्या मीटरपाशी मोठा फ्यूज असतो हे खरं, पण तो अख्ख्या घराचा भार पेलणारा. एका डब्याच्या पोटात काय जळतंय, ते त्याला कळतही नाही. हे सगळं मामाला पाठ होतं, आणि आज पाठ नसतं तर बरं झालं असतं, असं वाटायला लागलं. सिग्नलला थांबावं लागलं तेव्हा तो मोठ्याने काहीतरी पुटपुटला. शेजारच्या गाडीतल्या बाईने काच वर केली.

थकलेला व्हॉल्व्ह आजच कशाला जाईल, असं तो मनाला सांगत होता. मग आठवायचं, रोज अर्धा दिवस चालू. तासभर चालणारं मशीन गेले कितीतरी दिवस सकाळपासून दुपारपर्यंत पेटलेलं होतं. महिन्यांचा हिशेब त्याने तासाभराच्या चालण्यावर केला होता. आणि मग दुसरं चित्र यायचं. कूस वळता येत नाही, हाक मारता येत नाही, दार बाहेरून बंद. त्याला स्कूटर सरळ चालवणं कठीण झालं.

दवाखान्यात बाकावर तिघंचौघं गाल धरून बसले होते. मामा थेट आत घुसला. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून, डॉक्टरांच्या हातात सुई. मामाने बाहेर बोलावून, हळूच, नीट सांगायचं ठरवलं होतं. पण धीर निघाला नाही. जे आलं ते सगळ्यांसमोर आलं.

"डॉक्टर, तुमच्या मशीनमध्ये फ्यूज नाही. मी तांब्याचा तुकडा घातलाय. तुमची जिरवायला."

डॉक्टरांना क्षणभर काही समजलं नाही. मग त्यांनी एकच विचारलं, काय होऊ शकतं? मामाने काहीही न लपवता सांगितलं. डॉक्टरांनी हातमोजे काढले, खुंटीवरची किल्ली घेतली आणि निघाले. खुर्चीतला गृहस्थ अर्धा गाल बधिर, तोंडात कापूस, तसाच बघत राहिला. एरवी मामाने यावर वर्षभर विनोद केले असते.

मामा त्यांच्या गाडीत शेजारी बसला. डॉक्टर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, तुम्ही मला तोंडावर वेडा म्हणाला असतात तरी चाललं असतं. मामाला गाडीतून उडी मारावीशी वाटली.

इमारतीच्या जिन्यात पाय ठेवला आणि वरून गाणं ऐकू आलं. स्वच्छ, भरदार, सुरेल. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. वाजतंय, म्हणजे ठीक आहे, म्हणाले. मामा मात्र तिथंच गार पडला. हयातभर तो लोकांना हेच सांगत आला होता, की आत फ्यूज आहे का खिळा, आवाजावरून कळत नाही. त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्या आवाजातून काही म्हणजे काही कळत नव्हतं. तो डॉक्टरांना ओलांडून पायऱ्या चढायला लागला.

कुलूप उघडलं आणि दारातच वास आला. गरम मेणाचा, करपलेल्या वार्निशचा. मामाच्या बोटांना तो वास पाठ होता. खोलीत धूर नव्हता, अजून नव्हता. कपाटाशेजारी लाकडी फळीवर मशीन, आणि त्यातला एक व्हॉल्व्ह आतून कोळशासारखा लाल झालेला. मामाने झेप घेऊन भिंतीतली पिन उपटली. गाणं मधेच तुटलं. ट्रान्सफॉर्मरला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मशीनखालच्या फळीवर तपकिरी डाग उमटायला लागला होता, आणि फळीच्या वर हातभर अंतरावर खिडकीचा पडदा लोंबत होता.

तेव्हा कुठे त्याने मागे वळून पाहिलं. पलंगावर एक चिमुकली म्हातारी, छातीपर्यंत चादर. डोळे टक्क उघडे, त्यातून पाणी वाहून कानांपर्यंत गेलेलं. डॉक्टर तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले होते. तिचा चालणारा हात पलंगाच्या कडेवर आपटत होता. बोटांची सालं निघाली होती. मामाच्या पायाला काही लागलं म्हणून त्याने वाकून पाहिलं, तर पितळेची घंटी. बाईला बोलवायला तिच्या हाताशी ठेवलेली. हातातून सुटून पलंगाखाली गेलेली.

मग मामाला सगळं समजलं. तिला वास कधीच आला होता. ती घंटी वाजवत होती, घरात कुणी नाही हे माहीत असूनही वाजवत होती, आणि वरून गाणं चाललं होतं, इतकं मोकळं, इतकं भरदार, की घंटी शेजारच्या दारापर्यंतही पोचली नसेल. घंटी पडल्यावर तिनं नुसता हात आपटला. तो लाल होत जाणारा व्हॉल्व्ह तिला पलंगावरून समोरच दिसत होता. आपण स्कूटरवर घाबरलो होतो असं मामाला वाटत होतं. ते काय घाबरणं होतं?

त्याने घंटी उचलून तिच्या हाताशी ठेवली. तिनं घंटी घेतली नाही. तिनं त्याचं बोट धरलं. पिन यानेच उपटली हे तिनं पाहिलं होतं. लहान मूल गर्दीत धरतं तसं तिनं ते घट्ट धरलं आणि त्याच्याकडे बघून ओठ हलवत राहिली. ती काय म्हणतेय हे कळायला वाचेची गरज नव्हती.

डॉक्टर मामाकडे बघत होते. रागाने नव्हे. नुसते बघत होते आणि थांबले होते.

मामाचं बोट तिच्या मुठीत होतं आणि त्याला पळून जावंसं वाटत होतं. गप्प राहिला असता तर या घरात एक माणूस तरी त्याला देवमाणूस समजला असता. डॉक्टर कदाचित कधीच बोलले नसते. पण फोनवर एकदा गप्प बसून काय झालं, ते अजून फळीवर तापलेलं होतं.

"आई," तो म्हणाला, "हे मीच केलं. तुमच्या मुलाची फजिती करायला मी आतला फ्यूज काढून ठेवला. तुम्ही इथं एकट्या असता, हे मला माहीत नव्हतं. पण विचारलंही नव्हतं."

ती ऐकत होती. कान तिचे शाबूत होते. मामाने खिशातली डबी काढून उघडून दाखवली, बाणवाला फ्यूज, अजून कोरा. ती त्याकडे बघत राहिली, मग मुलाकडे, मग मामाकडे. ओठ हलायचे थांबले. मुठीतली पकड सैल झाली आणि तिचा हात चादरीवर गेला. तिनं मान भिंतीकडे वळवली.

डॉक्टर एवढंच म्हणाले, की मशीन घेऊन जा, नीट करून दवाखान्यात पोचवा. इथं येऊ नका.

दुपारी मामा दुकानात परत आला आणि त्याने मशीन टेबलावर ठेवलं. बायकोला त्याने दारातूनच सांगितलं होतं, वाचली. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि काउंटरवर जाऊन बसली. मशीन पूर्ण निवाल्यावर मामाने झाकण उघडलं, तांब्याचा तुकडा काढला आणि त्या जागी मखमली डबीतला फ्यूज बसवला. बिघडलेला व्हॉल्व्ह मुद्दाम तसाच ठेवला. असं कुणी शहाणा कारागीर करत नाही. पण त्याला बघायचंच होतं.

पिन लावली, बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू उजळले. एक लालसर व्हायला लागला, आणि आतून टक् असा बारीक आवाज झाला. टिकली गळून पडावी एवढाच. सगळे दिवे विझले.

बाहेरून बायकोने विचारलं, अहो, कसला आवाज झाला? मामाला सांगायचं होतं, फ्यूज गेला. त्याने पिन उपटली, आणि ती पुन्हा विचारत आत आली तेव्हा जळालेला फ्यूज काढून तिच्या तळहातावर ठेवला.